स्विच कुठे बसवायचा? बदलत्या गेनच्या अचूक ॲम्प्लिफायरविषयी

साखर कारखान्याच्या भुईकाट्यावर उसाचा ट्रक चढतो, हलायचा थांबतो आणि केबिनमधल्या इंडिकेटरवर आकडा स्थिर होतो. शेतकऱ्याचे वर्षभराचे पैसे त्या आकड्यावर ठरतात. काट्याखालच्या लोड सेलमधून त्या वेळी बाहेर येणारा सिग्नल मात्र अगदीच क्षीण असतो. नेहमीचा लोड सेल एका व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट देतो. त्याच्या ब्रिजला १० व्होल्ट पुरवले, की पूर्ण क्षमतेच्या वजनाला २० मिलिव्होल्ट मिळतात. हिशेब सोपा राहावा म्हणून ३० टनांचा आणि १० किलोंच्या टप्प्याने वाचणारा काटा धरू. त्याचे झाले ३,००० टप्पे. २० मिलिव्होल्टचे ३,००० भाग केले, की एका भागाच्या वाट्याला ६.७ मायक्रोव्होल्ट येतात. दहा किलो उसाचे एवढेच. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे ठिकठिकाणी मी दोष मोजणार आहे तो याच मापाने.

हे ६.७ मायक्रोव्होल्ट एकटे येत नाहीत. ब्रिजच्या दोन्ही आउटपुट तारा ग्राउंडपासून ५ व्होल्टवर असतात आणि आपल्याला हवा असतो तो फक्त दोन्ही तारांमधला फरक. शिवाय केबल लांब, शेजारी मोटारी, डोक्यावर २३० व्होल्टची वायरिंग, म्हणून ५० हर्ट्झची गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच चढलेली असते. दोन्ही तारांवर जे समान आहे ते टाकून द्यायचे आणि जो फरक आहे तेवढाच शंभरपट, हजारपट करून पुढे पाठवायचा, हे काम करणाऱ्या सर्किटला इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर म्हणतात. या पुस्तकात आपण असा एक ॲम्प्लिफायर पहिल्या रेझिस्टरपासून उभा करणार आहोत. त्याचा गेन १, १०, १०० आणि १,००० असा हवा तेव्हा बदलता येईल. या बदलण्याच्या सोयीतच सगळी अवघड गोष्ट दडलेली आहे. ऑप-अँप आज उत्तम मिळतात आणि त्यांच्या डेटाशीटमध्ये हवी ती माहिती असते. स्विच कुठे बसवायचा हे मात्र ज्याचे त्याला ठरवावे लागते, आणि माझ्या मते उपकरण अचूक होणार की नाही याचा निकाल तिथेच लागतो.

या कामाला जुनी परंपरा आहे. चार रोधांचा ब्रिज सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडला आणि दहा वर्षांनी चार्ल्स व्हीटस्टन यांनी तो सर्वांपर्यंत पोहोचवला; म्हणून नाव त्यांचे राहिले. धातूवर चिकटवायचा स्ट्रेन गेज १९३८ मध्ये अमेरिकेत दोघांनी स्वतंत्रपणे तयार केला, कॅल्टेकमध्ये एडवर्ड सिमन्स यांनी आणि एमआयटीमध्ये आर्थर रुगे यांनी. लोड सेल म्हणजे पोलादाच्या ठोकळ्यावर असे गेज चिकटवून केलेला व्हीटस्टनचा ब्रिजच. 'ऑपरेशनल ॲम्प्लिफायर' हे नाव जॉन रॅगझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९४७ च्या लेखातून रूढ झाले. त्या काळच्या व्हॅक्यूम ट्यूबच्या ॲम्प्लिफायरचे शून्य सतत सरकत असे. त्यावर आरसीएच्या एडविन गोल्डबर्ग यांनी १९४९ मध्ये चॉपरचा उपाय काढला: सिग्नलचे तुकडे पाडून तो एसी करायचा, वाढवायचा आणि पुन्हा डीसी करायचा. जॉर्ज एर्डी यांचा ओपी-०७ हा ऑप-अँप १९७५ मध्ये आला. त्याचा ऑफसेट कारखान्यातच, चिपवरचे झेनर डायोड जाळून, जुळवलेला असे. तेव्हापासून मायक्रोव्होल्टची भाषा सामान्य वर्कबेंचवर बोलता येऊ लागली.

आता सर्किटकडे येऊ. तीन ऑप-अँपची रचना पाठ्यपुस्तकांत सर्वत्र असते. पहिले दोन ऑप-अँप दोन्ही इनपुट तारांना हात न लावता, म्हणजे त्यांच्यातून करंट न ओढता, सिग्नल आत घेतात. त्यांच्या आउटपुटमध्ये रेझिस्टरची एक साखळी असते आणि मधल्या रेझिस्टरवर दोन इनपुटांमधला फरक जसाच्या तसा उमटतो. त्या रेझिस्टरमधून जो करंट वाहतो तोच बाकीच्या साखळीतूनही वाहतो, म्हणून साखळीच्या दोन टोकांमध्ये तो फरक वाढून मिळतो. दोन्ही तारांवर असलेले समान ५ व्होल्ट मात्र वाढत नाहीत. ते एकास एक पुढे जातात. तिसरा ऑप-अँप चार जुळवलेल्या रेझिस्टरांच्या मदतीने वजाबाकी करतो आणि ते ५ व्होल्ट काढून टाकतो.

या वजाबाकीवर जरा थांबायला हवे. चारही रेझिस्टर ०.१ टक्क्याचे घेतले, तर सगळ्यात वाईट जुळणीत समान भागाचा पाचशेवा अंश तरीही उरतो. याला ५४ डेसिबलचा सीएमआरआर म्हणतात. ५ व्होल्टचा पाचशेवा अंश म्हणजे १० मिलिव्होल्ट, आणि आपल्या काट्याचा पूर्ण सिग्नल २० मिलिव्होल्टचा! पहिल्या पायरीत गेन १०० ठेवला, तर इनपुटच्या बाजूने पाहता हा दोष शंभराने भागला जाऊन १०० मायक्रोव्होल्टवर येतो. ०.०१ टक्क्याने जुळवलेले रेझिस्टर नेटवर्क वापरले, तर आणखी दहापट खाली. उरलेला दोष स्थिर असता तर शून्य करताना वजा झाला असता. पण त्यात ५० हर्ट्झची गुणगुणही असते आणि तापमानाबरोबर सरकणारा भागही असतो. म्हणून गेन शक्य तितका पहिल्या पायरीत आणि जुळणी शक्य तितकी तिसऱ्या ऑप-अँपभोवती, हा नियम या पुस्तकात कुठेही मोडलेला नाही.

गेन बदलायचा कशासाठी, असा प्रश्न इथे योग्यच आहे. काट्याला एकच गेन पुरतो. पण पुण्या-पिंपरीकडच्या एखाद्या चाचणी-प्रयोगशाळेत गाडीच्या चॅसीवर स्ट्रेन गेज असतात, इंजिनावर थर्मोकपल असतात, प्रेशर ट्रान्समीटरचे ४ ते २० मिलिअँपिअर २५० ओहमवर घेतलेले १ ते ५ व्होल्ट असतात, आणि हे सगळे एकाच डेटा लॉगरला जोडायचे असते. के प्रकारचा थर्मोकपल एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. अधिक-उणे १० व्होल्टचा १६ बिटचा कन्व्हर्टर घेतला, तर त्याची सगळ्यात लहान पायरी ३०५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे सात अंशांहून मोठी. त्याच्या पुढे १०० गेनचा ॲम्प्लिफायर ठेवला, की पायरी ०.०७ अंशावर येते. मग त्याच चॅनेलवर ५ व्होल्टचा सिग्नल आला तर काय? गेन खाली आणावाच लागतो. भूकंपशास्त्रात आणि तेलशोधाच्या सर्वेक्षणात हाच पेच फार आधी आला होता. स्फोटानंतरचा पहिला धक्का दणदणीत आणि खोलवरच्या थरांवरून परतणारा प्रतिध्वनी अतिक्षीण, तोही काही सेकंदांच्या आत. म्हणून तिथले डिजिटल रेकॉर्डर प्रत्येक वाचनागणिक गेन दोनच्या पटीत बदलत आणि वाचनाबरोबर गेनचा आकडाही टेपवर नोंदवत.

आज २४ बिटचे कन्व्हर्टर स्वस्त झाले आहेत, मग ही उठाठेव कशाला, असे तरुण इंजिनिअर विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर आकड्यांत आहे. २० व्होल्टच्या पट्ट्यावर २४ बिटची पायरी १.२ मायक्रोव्होल्टची होते, पण चांगल्या कन्व्हर्टरचेही खालचे तीन-चार बिट नॉइजमध्ये बुडालेले असतात. वीस बिट स्वच्छ मिळाले असे धरले, तर पायरी १९ मायक्रोव्होल्टची. दहा किलोंचा आपला टप्पा ६.७ चा, म्हणजे तो त्यात हरवला. म्हणून तर वजनकाट्यांसाठी बनवलेल्या एचएक्स७११ सारख्या २४ बिटच्या स्वस्त चिपमध्येही आत १२८ चा गेन ठेवलेला असतो. गेन टळत नाही; तो फक्त नजरेआड जातो.

आता स्विच. एडी६२० ही चिप आपल्याकडे कॉलेजच्या प्रयोगशाळांपासून कारखान्यांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. तिचा गेन एका बाहेरच्या रेझिस्टरने ठरतो: ४९.४ किलोओहमला त्या रेझिस्टरने भागायचे आणि एक मिळवायचा. गेन १,००० हवा तर रेझिस्टर ४९.४५ ओहमचा. गेन बदलायचा म्हणजे निरनिराळे रेझिस्टर स्विचने जोडायचे, हे कोणालाही पहिल्यांदा सुचते. डीजी४०८ सारखा ॲनालॉग मल्टिप्लेक्सर घ्यायचा आणि त्या रेझिस्टरच्या मालिकेत बसवायचा. पण या स्विचचा चालू अवस्थेतला रोध १०० ओहमपर्यंत असू शकतो. ४९.४५ मध्ये १०० मिळवले, की गेन हजाराऐवजी ३३२ होतो. हिशेबात तो रोध आधीच धरला तरी सुटका नाही, कारण तो तापमानाबरोबर वाढतो आणि सप्लाय व सिग्नलच्या व्होल्टेजबरोबरही बदलतो. मग रिले? रिलेच्या कॉन्टॅक्टचा रोध ०.१ ओहम धरला, तर दोष ०.२ टक्के. तो एकदा कॅलिब्रेशनमध्ये धरता येईल. पण कॉन्टॅक्ट दर वेळी थोडा वेगळा बसतो. त्यात २० मिलिओहमचा फरक पडला, की गेन ०.०४ टक्क्याने हलतो. तीस टनांच्या ट्रकवर हे झाले १२ किलो, म्हणजे काट्याच्या एका टप्प्याहून जास्त. आणि तेही कोणी कशाला हात न लावता, केवळ रिले एकदा उघडून मिटल्यामुळे.

उपाय व्हीटस्टननंतरच्या पिढीने, केल्विनच्या ब्रिजने, दाखवून ठेवलेला आहे. ज्या तारेतून करंट वाहतो त्या तारेने व्होल्टेज मोजायचे नाही. मोजण्यासाठी वेगळी तार लावायची, जिच्यातून काहीच वाहत नाही. हेच तत्त्व गेनच्या साखळीला लावू. दोन ऑप-अँपच्या आउटपुटमध्ये एकच अखंड साखळी घालायची: मध्यभागी २० ओहम, त्याच्या दोन्ही बाजूंना ९० ओहम, त्याबाहेर दोन्हीकडे ९००, आणि सगळ्यात बाहेर दोन्हीकडे ९,०००. एकूण २०,००० ओहम. ही साखळी कधीही तोडायची नाही. मल्टिप्लेक्सर फक्त एवढेच ठरवतो, की दोन्ही ऑप-अँपच्या उलट्या इनपुटने साखळीच्या कुठल्या जोडावर बसायचे. मधल्या २० ओहमच्या दोन टोकांवर बसले, तर गेन २०,००० भागिले २०, म्हणजे १,०००. एक जोड बाहेर सरकले, तर मध्ये २०० ओहम आणि गेन १००. आणखी बाहेर, २,००० आणि गेन १०. अगदी टोकांवर, गेन १.

आता स्विचचा १०० ओहमचा रोध पाहा. तो ऑप-अँपच्या इनपुटच्या मालिकेत आहे आणि त्या इनपुटमधून फक्त बायस करंट जातो. बायस करंट १ नॅनोअँपिअर असला तरी १०० ओहमवर पडणारे व्होल्टेज ०.१ मायक्रोव्होल्ट. म्हणजे दहा किलोंच्या टप्प्याचा जवळजवळ सत्तरावा भाग. रोध दीडपट झाला तरी गेनला त्याचा पत्ताही लागत नाही. स्विच तोच, रोध तोच, जागा बदलली आणि दोष संपला. ही एक गोष्ट वाचकाच्या हाती नीट पडली, तर पुस्तकाचा अर्धा हेतू साधला असे मी मानतो.

या रचनेच्या काही अटी आहेत. मल्टिप्लेक्सर जोड बदलताना आधी जुना सोडतो आणि मग नवा धरतो. मधल्या क्षणी ऑप-अँपचा फीडबॅक तुटतो आणि त्याचे आउटपुट सप्लायकडे धावते. म्हणून गेन बदलल्यावर काही वेळ वाचन घ्यायचे नाही. १ मेगाहर्ट्झच्या ऑप-अँपची बँडविड्थ १,००० गेनवर १ किलोहर्ट्झ उरते. एक लाखात एक इतके स्थिर व्हायला त्याला सुमारे २ मिलिसेकंद लागतात, आणि सप्लायला टेकून परत यायचे असेल तर त्याहून जास्त. मल्टिप्लेक्सरची कपॅसिटन्स उलट्या इनपुटवर येते, त्यामुळे गेन १ वर सर्किट डोलू लागण्याचा धोका असतो. त्याचा बंदोबस्त चौथ्या प्रकरणात केला आहे. आणि ऑप-अँपच्या स्वतःच्या गेनकडे कानाडोळा करू नये. १२० डेसिबल म्हणजे दहा लाख. त्यातले हजार आपण वापरले, की चूक सुधारायला हजारच उरतात आणि गेनमध्ये ०.१ टक्क्याची खोट राहते. १,००० गेनच्या रेंजला १४० डेसिबलहून अधिक गेनचा ऑप-अँप लागतो तो यासाठी.

साखळीत ९० किंवा ९०० ओहम हे काटेकोर आकडे कुठून आणायचे? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो तो मेटल फिल्म रेझिस्टर १ टक्क्याचा, तापमानाबरोबर अंशाला ५० ते १०० पीपीएम सरकणारा. माझा आग्रह असा, की आकड्याच्या मागे लागू नका, स्थैर्याच्या मागे लागा. गेन बरोबर १,००० नसून ९८७.३ निघाला तरी मायक्रोकंट्रोलर त्याने भागाकार करू शकतो. पण तो आज ९८७.३ असेल तर पुढच्या मे महिन्यातही ९८७.३ असला पाहिजे. त्यासाठी साखळीतले सगळे रेझिस्टर एकाच बनावटीचे, एकाच तुकडीतले, शेजारी शेजारी आणि सारख्या तापमानात हवेत. म्हणजे सरकले तर बरोबर सरकतील आणि गुणोत्तर टिकेल. पैसे खर्च करायचेच असतील, तर ते या साखळीवर आणि वजाबाकीच्या चार रेझिस्टरांवर करावेत.

मधल्या २० ओहमकडे तर फार बारकाईने पाहावे लागते. पीसीबीवरचे ३५ मायक्रॉन जाडीचे तांबे दर चौकोनाला अर्धा मिलिओहम रोध दाखवते. १ मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे चाळीस चौकोन, म्हणजे २० मिलिओहम. २० ओहमच्या मालिकेत एवढा ट्रॅक राहिला, तर गेन ०.१ टक्क्याने चुकतो, आणि तांब्याचा रोध अंशाला ०.४ टक्के वाढत असल्यामुळे ही चूक स्थिरही राहत नाही. म्हणून मल्टिप्लेक्सरकडे जाणारे ट्रॅक थेट रेझिस्टरच्या पायांपासून, करंटच्या वाटेपासून वेगळे काढायचे. सर्किटच्या चित्रात या दोन मांडण्या अगदी सारख्या दिसतात. बोर्डावर त्यांच्यात तीस टनांमागे ३० किलोंचा फरक असतो. पुस्तकात बोर्डाचे आराखडे पूर्ण मापात छापले आहेत ते यासाठी.

यानंतर येतात सांधे. दोन वेगळे धातू जिथे भेटतात तिथे थर्मोकपल तयार होतो, आपल्याला हवा असो वा नसो. तांबे आणि कोवार, म्हणजे जुन्या धातूच्या टोपीच्या ऑप-अँपचे पाय ज्या मिश्रधातूचे असत तो, यांचा सांधा अंशाला ४० मायक्रोव्होल्टच्या आसपास देतो. तांबे आणि शिसे-कथलाचे सोल्डर १ ते ३. तांबे आणि काळवंडलेले तांबे, म्हणजे कॉपर ऑक्साइड, तब्बल १,००० च्या घरात. स्वच्छ तांब्यावर स्वच्छ तांबे घट्ट आवळले, तर ०.२ हून कमी. रेझिस्टरलाही दोन टोके असतात: कार्बन कॉम्पोझिशनच्या रेझिस्टरची दोन टोके एका अंशाने वेगळी तापली तर ४०० मायक्रोव्होल्ट निघतात, मेटल फिल्मच्या सुमारे २०. ऑप-अँपच्या दोन पायांमध्ये अंशाच्या दहाव्या भागाचा फरक पडायला फार काही लागत नाही. शेजारचा व्होल्टेज रेग्युलेटर पुरतो, खिडकीतली झुळूक पुरते, छतावरचा पंखा पुरतो.

हे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. इनपुट शॉर्ट करून, गेन १,००० वर ठेवून आउटपुटला चांगला मल्टिमीटर लावा. पंखा चालू असताना आकडा दोन-चार मिलिव्होल्टच्या पट्ट्यात सावकाश भटकतो. याला नॉइज म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. आता बोर्डावर नुसते प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण उपडे ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत भटकणे कमी होते आणि आकडा हळूहळू एका जागी बसतो. झाकण काढले, की पुन्हा भटकंती सुरू. चिप तीच, सप्लाय तोच, फक्त हवा थांबली. म्हणून आपल्या रचनेत इनपुटचे दोन्ही मार्ग सांध्यागणिक जुळवलेले आहेत: एका तारेवर जितके आणि जसे सांधे, दुसऱ्या तारेवर तितके आणि तसेच, एकमेकांना चिकटून. रेझिस्टर उष्णतेच्या उगमाकडे तोंड करून न ठेवता आडवे बसवले आहेत, म्हणजे दोन्ही टोके सारखी तापतील. रिले वापरायचेच झाले तर लॅचिंग जातीचे, ज्यांच्या कॉइलमधून फक्त बदलाच्या क्षणी करंट जातो आणि एरवी उष्णता निघत नाही.

ऑप-अँपच्या स्वतःच्या ड्रिफ्टचाही हिशेब काट्याच्याच मापाने करू. एडी६२० च्या चांगल्या ग्रेडचा ड्रिफ्ट अंशाला जास्तीत जास्त ०.६ मायक्रोव्होल्ट असतो. गळीत हंगामात पहाट १२ अंशांची आणि दुपार ३२ अंशांची, म्हणजे वीस अंशांत १२ मायक्रोव्होल्ट, १८ किलो. रिकाम्या काट्यावर इंडिकेटर शून्य पुन्हा धरतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा दोष बराचसा झाकला जातो. पण पुलाच्या गर्डरवर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजला रिकामे होण्याची वेळ कधी येत नाही. तिथे गोल्डबर्ग यांच्या चॉपरचे आजचे वंशज, म्हणजे झिरो-ड्रिफ्ट ऑप-अँप, लागतात. त्यांचा ड्रिफ्ट अंशाला ०.१ मायक्रोव्होल्टहून कमी असतो. आपण तेच वापरले आहेत. त्यांच्या इनपुटवर चॉपिंगच्या वेगाने करंटचे बारीक ठोके निघतात, म्हणून जास्त रोधाच्या सेन्सरला ते मानवत नाहीत. ३५० ओहमच्या ब्रिजला काही अडचण येत नाही.

गेन बदलला की शून्यही बदलते, हे नवख्यांना चकवते. ॲम्प्लिफायरचा ऑफसेट दोन भागांचा असतो: इनपुटचा भाग गेनने वाढतो, आउटपुटचा वाढत नाही. परिणाम असा, की सेन्सरवर काहीच घडलेले नसताना रेंज बदलल्याबरोबर आकडा उडी मारतो. म्हणून इनपुटला आतूनच शॉर्ट करण्याची एक सोय या रचनेत आहे आणि प्रत्येक गेनचे शून्य व प्रत्येक गेनचा खरा आकडा वेगवेगळा नोंदवून ठेवला आहे. गेन आपोआप बदलायचा असेल तर वर जाण्याची आणि खाली येण्याची सीमा एकच ठेवू नये. सिग्नल रेंजच्या ९० टक्क्यांवर गेला की गेन कमी करावा, ८ टक्क्यांखाली आला तरच वाढवावा. नाहीतर सीमेवर रेंगाळणारा सिग्नल उपकरणाला दोन रेंजमध्ये नाचवत ठेवतो.

बाकीच्या गोष्टी प्रकरणांत सविस्तर आहेत, इथे नुसता उल्लेख करतो. अधांतरी थर्मोकपल जोडताना बायस करंटला ग्राउंडकडे परतण्याची वाट द्यावीच लागते, नाहीतर आउटपुट काही वेळात सप्लायला जाऊन चिकटते. मोबाइल शेजारी वाजला की आकडा सरकतो, कारण इनपुटचे ट्रान्झिस्टर रेडिओ लहरींचे डीसी करतात. त्यासाठी इनपुटवर छोटा फिल्टर हवा, आणि त्यात दोन तारांमधला कपॅसिटर ग्राउंडकडच्या कपॅसिटरांच्या दहापट हवा, म्हणजे त्यांच्यातला असमतोल झाकला जातो. पहिल्या पायरीच्या आउटपुटवर समान ५ व्होल्ट आणि वाढलेला सिग्नल दोन्ही एकत्र असतात, ते सप्लायच्या मर्यादेत बसतात का हे तपासावे.

तयार चिपविषयी माझे मत स्पष्ट आहे. पीजीए२०४ किंवा एडी८२५३ मध्ये १, १०, १००, १,००० हेच चार गेन दोन डिजिटल पिनांनी बदलता येतात. तुमच्या कामाला त्यांचा ऑफसेट, ड्रिफ्ट आणि नॉइज पुरत असेल, तर तीच घ्यावी. जागा, वेळ आणि जुळणीची कटकट सगळेच वाचते. स्वतः रचना करायची ती ड्रिफ्ट त्याहून कमी हवा असेल तेव्हा, गेनचे आकडे वेगळे हवे असतील तेव्हा, किंवा दहा वर्षांनीही दुरुस्त करता येईल असे उपकरण हवे असेल तेव्हा. आणि शिकण्यासाठी तर जरूर करावी. चिपच्या आतही शेवटी हेच प्रश्न कोणीतरी सोडवलेले असतात.

पुस्तक डिप्लोमा आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसेच एमआयडीसीतल्या ज्या लहान कारखान्यांत काटे, टेस्टिंग मशीन आणि तापमानाचे पॅनेल बनतात तिथल्या इंजिनिअरांसाठी आणि टेक्निशियनांसाठीही. ओहमचा नियम आणि ऑप-अँपचा फीडबॅक एवढे येत असेल, तर कुठे अडू नये. प्रकरणे क्रमाने वाचावीत आणि वाचताना बोर्ड तयार करत जावे. बोर्ड जुळला की सेन्सर जोडण्याची घाई करू नका. आधी दोन्ही इनपुट एकत्र शॉर्ट करा, झाकण लावा, गेन १,००० वर ठेवा आणि आउटपुट व खोलीचे तापमान चोवीस तास शेजारी शेजारी नोंदवा. तो आलेख जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक प्रकरणात केलेला बदल उपयोगी पडला की नाही, हे त्याच्याशी ताडूनच ठरवायचे आहे.